लसीवरचा संशय आणि त्यामागचा प्रश्न

लहान मुलांच्या लसींमुळे स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, होते का, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञापुढे क्वचितच सरळ येतो. तो येतो लांबलेल्या दुसऱ्या डोसच्या रूपात. कार्डावर नवव्या महिन्यापर्यंतच्या नोंदी व्यवस्थित असतात आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना कोरा असतो. कारण विचारले तर सर्दी, गावाला जाणे, घरातले लग्न. तपासणी संपून निघता निघता मग आई किंवा बाबा हळूच विचारतात, ही लस दिल्यावर मुलं बोलायची थांबतात म्हणे, खरं आहे का? हे काम करत असताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, की 'अफवा आहे, लक्ष देऊ नका' एवढ्या उत्तराने काही साधत नाही. पालकांच्या त्या एका वाक्यात दोन प्रश्न असतात. लसीने हे होते का, हा पहिला. त्याचे उत्तर मिळालेले आहे आणि ते ठाम नकारार्थी आहे. मग हे येते कुठून, हा दुसरा. त्याचे उत्तर आम्ही डॉक्टर बहुतेक वेळा देतच नाही, आणि दुसरा प्रश्न तसाच राहिला की पहिला पुन्हा डोके वर काढतो.

सुरुवात पालकांच्या निरीक्षणापासून करायला हवी, कारण ते बहुधा खरे असते. मूल बारा-तेरा महिन्यांचे असताना 'बाबा', 'दे', 'नाही' म्हणत होते, टाटा करत होते, आणि दीड वर्षाच्या सुमारास ते शब्द गेले, हाक मारली तरी बघेनासे झाले, असे आई सांगते तेव्हा ती कल्पना करत नसते. स्वमग्न मुलांपैकी काहींमध्ये आलेली कौशल्ये अशी मागे जातात, आणि घरच्या जुन्या व्हिडिओ चित्रफिती तपासून संशोधकांनी याची खात्रीही करून घेतली आहे. अडचण निरीक्षणात नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत येतो, खासगी दवाखान्यांत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, पंधराव्या महिन्यात. बोलणे, बोटाने दाखवणे, नजरेला नजर देणे यांतली उणीव घरच्यांच्या लक्षात येण्याचे वयही नेमके हेच. हिशेबासाठी दहा लाख मुले घेऊ. त्यांतल्या शंभरात एकाला स्वमग्नता आहे असे धरले तर ती दहा हजार होतात. त्यांची लक्षणे वयाच्या दुसऱ्या वर्षात केव्हातरी घरच्यांच्या ध्यानात येतात असे मानले, तर कोणत्याही एका आठवड्यात सुमारे १९० घरांत ही जाणीव होणार. म्हणजे लसीचा काडीचाही संबंध नसताना जवळपास १९० कुटुंबांना लस दिल्यानंतरच्या आठवड्याभरातच बाळ बदलल्याचे दिसेल. महिन्याभराचा अवधी धरला तर हा आकडा आठशेच्या घरात जातो. या प्रत्येक घराला आपला अनुभव लख्ख पुराव्यासारखा वाटणार, आणि तसे वाटण्यात त्यांचा काहीही दोष नाही. एका घरात बसून योगायोग आणि कारण यांतला फरक कोणालाच करता येत नाही, डॉक्टरलाही नाही. त्यासाठी लस घेतलेली आणि न घेतलेली हजारो मुले शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात.

नेमके हेच १९९८ च्या त्या प्रसिद्ध लेखात झाले नव्हते. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांचे बारा सहकारी यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांविषयी लेख लिहिला. त्यांतल्या आठांच्या पालकांनी लक्षणांची सुरुवात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीशी जोडली होती. तुलनेसाठी लस न घेतलेली मुले नव्हती. लसीशी संबंध सिद्ध झालेला नाही, असे खुद्द लेखातच नमूद होते. तरी पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी तिन्ही लसी वेगवेगळ्या द्याव्यात असे सुचवले, आणि मथळे तेवढ्यावरच झाले. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने कागदपत्रे खणून काढली. लस उत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना चार लाख पौंडांहून अधिक पैसे मिळाले होते. गोवराच्या वेगळ्या लसीच्या पेटंटसाठी त्यांनी १९९७ मध्येच अर्ज केला होता. आणि लसीआधी पूर्ण ठीक असल्याचे लेखात म्हटलेल्या काही मुलांच्या नोंदींत लसीपूर्वीच विकासाविषयीच्या शंका लिहिलेल्या होत्या. २००४ मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतले, फेब्रुवारी २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला आणि मे महिन्यात वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. हे सगळे मी पालकांना सांगतो, पण एक काळजी घेऊन. वेकफिल्ड खोटे ठरले म्हणून लस सुरक्षित ठरत नाही. एखाद्या वाईट माणसाने मांडलेली शंकाही खरी असू शकते. तेव्हा ती स्वतंत्रपणे तपासायलाच हवी होती, आणि ती तपासली गेली.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाचा ओळख क्रमांक, लसीकरण आणि आजारांचे निदान एकमेकांशी जोडलेले असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न साऱ्या देशाच्या मुलांना विचारता येतो. २००२ मध्ये पाच लाख सदतीस हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा. दुसऱ्या अभ्यासात साडेसहा हजार मुलांना स्वमग्नतेचे निदान झाले होते, आणि एमएमआर घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत त्याचे प्रमाण सारखेच होते. 'लस न घेतलेल्या मुलांशी तुलना कोणी केलीच नाही' हा आक्षेप वारंवार येतो. तिथे सुमारे पाच टक्के, म्हणजे तीस हजारांहून अधिक मुले ही लस न घेतलेलीच होती. त्याहून बारीक आक्षेप असा, की सर्वसाधारण मुलांना काही होत नसेल, पण मुळात नाजूक असलेल्यांचे काय? ही शंका रास्त आहे. म्हणून ज्यांच्या मोठ्या भावंडाला स्वमग्नता आहे, अशी मुले वेगळी काढून पाहिली गेली. अमेरिकेत २०१५ मध्ये सुमारे ९५ हजार मुलांच्या अभ्यासात आणि नंतर डेन्मार्कमध्येही, अशा मुलांत लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. जपानमध्ये तर परिस्थितीनेच प्रयोग घडवला. तिथल्या एमएमआरमधल्या गालगुंडाच्या घटकामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या घटना आढळल्या आणि १९९३ मध्ये ती लस थांबवली गेली. लस थांबल्यानंतर जन्मलेल्या योकोहामातल्या मुलांत स्वमग्नतेचे निदान कमी झाले नाही, उलट वाढतच गेले.

आता 'शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही ना' हा मुद्दा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने आपला जुना मजकूर बदलला, आणि 'लसींमुळे ऑटिझम होत नाही' हे विधान पुराव्यावर आधारित नसल्याचे लिहिले, तेव्हा आधार याच तर्काचा होता. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या लससुरक्षा समितीने पुन्हा आढावा घेऊन संबंध नसल्याचेच सांगितले, पण ती बातमी फार थोड्यांपर्यंत पोचली. ज्यांची मुले-सुना न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहेत त्या पुण्या-नागपूरच्या आजी-आजोबांकडे मात्र पहिली बातमी तातडीने आली. एखादी गोष्ट अजिबात घडतच नाही, असे कोणतेही शास्त्र सिद्ध करू शकत नाही. पण ती घडत असलीच तर जास्तीत जास्त किती, याची मर्यादा ते घालू शकते. २०१९ च्या डॅनिश अभ्यासात ती मर्यादा निघाली: लसीमुळे धोका वाढत असलाच तर तो फार तर दोन टक्क्यांनी, आणि अंदाजाचा मध्य तर वाढीच्या नव्हे, घटीच्या बाजूला होता. शंभरातल्या एका मुलाचा धोका दोन टक्क्यांनी वाढणे म्हणजे दहा हजारांत शंभरच्या जागी एकशे दोन. हीदेखील वाढ झाल्याचा पुरावा नाही, त्यापलीकडे वाढ नसल्याचा आहे. जगभर वाढलेले स्वमग्नतेचे आकडे एवढ्याने समजावता येणार नाहीत, हे शक्यता शोधणाऱ्यानेही मान्य करायला हवे.

पाऱ्याची भीती वेगळी आहे आणि भारतात तिला अधिक काळजीपूर्वक उत्तर द्यावे लागते. थायोमर्सल हे पारा असलेले संरक्षक द्रव्य श्रीमंत देशांनी मुलांच्या लसींतून बहुतांशी काढून टाकले. आपल्याकडे एका कुपीत दहा डोस असलेल्या पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीत ते आजही असते, कारण एकाच कुपीत अनेकदा सुई जाते आणि जंतुसंसर्ग टाळावा लागतो. पण गोवर-रुबेलाच्या लसीत ते कधीच नव्हते. ती जिवंत विषाणूंची लस, थायोमर्सलने विषाणूच मरतील. म्हणूनच सिस्टर ती कुपी फोडल्यावर वेळ लिहून ठेवतात आणि चार तासांनी उरलेली टाकून देतात. ज्या लसीवर स्वमग्नतेचा आळ आला तिच्यात पाराच नाही, ही साधी गोष्ट या सगळ्या गदारोळात कोणी सांगत नाही. थायोमर्सलमधून तयार होतो एथिल पारा, तो शरीरातून लवकर बाहेर पडतो. जपानच्या मिनामातात माशांवाटे लोकांना बाधलेला मिथिल पारा निराळा. डेन्मार्कने हे द्रव्य १९९२ मध्ये बंद केले, अमेरिकेने २००१ पर्यंत. दोन्हीकडे त्यानंतर स्वमग्नतेचे निदान वाढले. लसींना दोष देणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने स्वतः पैसे देऊन माकडांच्या पिल्लांवर प्रयोग करवला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला, की लस दिलेल्या पिल्लांत स्वमग्नतेसारखी वागणूक किंवा मेंदूत तसे बदल आढळले नाहीत.

'इतक्या लसी एकदम, बाळाला झेपतील का' असे आज्या विचारतात. त्यांच्या काळी देवीची लस होती, आणि तिच्यात सुमारे दोनशे प्रथिने होती. आजच्या बहुतेक लसींत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण हे उत्तर देताना मी अर्धेच सांगत नाही. आपल्या सरकारी पेंटाव्हॅलंटमधला डांग्या खोकल्याचा घटक संपूर्ण जिवाणूंचा असतो, त्यात हजारो प्रथिने असतात, ताप आणि मांडीला सूज येते ती मुख्यतः त्याच्यामुळे. तीच जुनी लस अमेरिकेत नव्वदीच्या दशकापर्यंत दिली जात होती, आणि लसींतून मिळणाऱ्या अशा घटकांची एकूण संख्या व स्वमग्नता यांचा संबंध तिथल्या २०१३ च्या अभ्यासात दिसला नाही. लसीचे दुष्परिणाम असतात हे लपवणे मला घातक वाटते. एमएमआरनंतर तीन-चार हजारांत एका मुलाला तापाची आकडी येऊ शकते, तीसेक हजारांत एकाच्या रक्तातल्या प्लेटलेट काही काळ कमी होतात. हे ऐकून पालक घाबरत नाहीत. आपल्यापासून काही लपवले जात नाही एवढे त्यांना कळते. आणि कंपन्यांच्या दडपणामुळे लसींची हानी लपवली जाते, या आक्षेपालाही याच दुष्परिणामांत उत्तर आहे. १९९९ मध्ये रोटाव्हायरसची पहिली लस अमेरिकेत बाजारातून काढली गेली, कारण तिच्यामुळे साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याला पीळ पडल्यासारखा अडथळा होत होता. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या एका युरोपीय लसीमुळे झोपेचा एक दुर्मीळ विकार झाल्याचे फिनलंड आणि स्वीडनच्याच यंत्रणांनी शोधले. दहा हजारांत एक घडणारी हानी जी व्यवस्था वर्षभरात पकडते, तिला शंभरात एक घडणारी हानी पंचवीस वर्षे शोधूनही सापडू नये, हे पटण्यासारखे नाही.

मग आकडे वाढले कसे? बऱ्याच अंशी व्याख्येने आणि नजरेने. १९९४ मध्ये निदानाच्या निकषांत अॅस्पर्गर विकाराची भर पडली, कक्षा रुंदावली, शाळांत मदत मिळू लागली तशी निदान करून घेण्याला किंमत आली. आपल्याकडे पूर्वी 'मंद', 'मुका', 'हट्टी' अशी नावे देऊन जी मुले घरात ठेवली जात ती आज तपासणीला येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत दोन ते नऊ वयोगटातल्या जवळपास आठातल्या एका मुलाला मेंदूच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. ही मुले याआधीही होती.

आणि आता पालकांचा दुसरा प्रश्न, मग हे येते कुठून, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या अभ्यासात स्वमग्नतेतल्या फरकांपैकी सुमारे ऐंशी टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. एकच जनुक नाही, शेकडो, आणि काही बदल आई-बाबांकडून न येता बाळात नव्यानेच घडलेले. पहिल्या वाढदिवसाच्या चित्रफिती पाहून १९९४ मध्येच संशोधकांनी दाखवले, की पुढे निदान झालेली मुले त्या दिवशीही माणसांच्या चेहऱ्यांकडे कमी पाहत होती, नावाला कमी प्रतिसाद देत होती. २०१३ मध्ये दिसले, की डोळ्यांकडे पाहणे दोन ते सहा महिन्यांच्या वयातच उतरणीला लागते. गोवराची पहिली सुई टोचण्याआधी कितीतरी दिवस. मेंदूच्या ऊतींचे पुरावे त्याही मागे, गर्भाच्या काळाकडे बोट दाखवतात. गर्भातली जी काही कारणे निश्चित माहीत आहेत त्यांत एक आहे रुबेला. १९६४-६५ च्या अमेरिकी साथीत सुमारे वीस हजार बाळे जन्मजात रुबेलाची बाधा घेऊन आली, बहिरी, मोतीबिंदू झालेली, हृदयात दोष असलेली. स्टेला चेस यांनी त्यांतल्या २४३ मुलांना तपासले तेव्हा अठरा मुलांत पूर्ण किंवा अंशतः स्वमग्नता आढळली. त्या काळी सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण दहा हजारांत चार-पाच मानले जाई. ज्या लसीला स्वमग्नतेचे कारण म्हणून टाळले जाते, ती स्वमग्नतेच्या एका सिद्ध कारणाला अडवणारी लस आहे. हे मी प्रत्येक पालकाला सांगतो, मुलीच्या पालकांना तर दोनदा.

लस टाळण्याची किंमत पैशांत सांगायची नाही. वेकफिल्ड यांच्या लेखानंतर इंग्लंडमध्ये एमएमआरचे लसीकरण ९२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत घसरले. गोवर थोपवायला ते ९५ लागते. २०१३ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत बाराशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यांत दहा-पंधरा वर्षांपूर्वी लस चुकलेली मुले बहुसंख्य होती. मिनेसोटातल्या सोमाली वंशाच्या मुलांत ही भीती पसरवली गेली आणि लसीकरण २००४ मधल्या ९२ टक्क्यांवरून दहा वर्षांत ४२ वर आले, मग २०१७ मध्ये गोवर. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली आणि मुले दगावली. तिथे कारण ऑटिझमची भीती नव्हते. करोनाकाळात हुकलेली लसीकरणाची सत्रे, कुपोषण, आणि 'पुढे मुलं होणार नाहीत' असल्या वेगळ्या अफवा होत्या. हा फरक सांगणे आवश्यक आहे, कारण शिकलेल्या घरांतली शंका वस्तीतल्या शंकेहून वेगळी असते आणि दोघांना एकच भाषण देऊन चालत नाही. विषाणूला मात्र सोसायटी आणि वस्ती यांत भेद करता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वाधिक बोचतो तो आईवरचा बोजा. पन्नास-साठच्या दशकांत स्वमग्नतेचे खापर आईच्या 'थंडपणा'वर फोडले गेले. ते शास्त्रज्ञांनीच मोडून काढले. आता लसीच्या कथेत दोष पुन्हा तिच्याकडे येतो, कारण बाळाला मांडीवर धरून बसली होती ती. 'तू का नेलंस टोचायला' हे वाक्य घराघरांत बोलले जाते. त्या दोषातून पुढची पावले ठरतात. धाकट्या भावंडाची लस थांबते. २०१५ च्या त्या अमेरिकी अभ्यासात मोठ्या भावंडाला स्वमग्नता असलेल्या मुलांपैकी दोन वर्षांच्या वयापर्यंत ७३ टक्क्यांनाच एमएमआर मिळाली होती, इतरांत ८४. शरीरातला पारा काढण्याच्या नावाखाली चीलेशनची धोकादायक औषधे दिली जातात, महागडे आहार सुरू होतात, आणि ज्या दोन-तीन वर्षांत संवादाच्या आणि खेळाच्या उपचारांनी मुलाला सर्वाधिक फायदा व्हायचा ती निघून जातात. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा मामाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता' ही घरची समजूत तेवढाच वेळ खाते.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. सोळा ते चोवीस महिन्यांत बाळ लसीसाठी येतेच. त्याच सत्रात, सुई देण्याआधी, दोन मिनिटे विचारावे: नावाने हाक मारली तर वळून बघते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, खोटे खोटे खेळते का, किती शब्द बोलते, आलेले शब्द गेले आहेत का. उत्तरे कार्डावर लिहावीत. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, आणि शक्य तिथे आधी कान तपासावेत. याने दोन गोष्टी होतील. ज्या बाळाला अडचण आहे ते सहा-आठ महिने लवकर उपचारांपर्यंत पोचेल. आणि लक्षण लसीच्या आधीपासून होते याची नोंद आईच्या हातातल्या कार्डावर, त्या दिवसाच्या तारखेसह राहील. आशाताईंना आणि एएनएम सिस्टरांना हे शिकवायला फार खर्च लागत नाही, पण एका सत्रात तीस-चाळीस बाळे असताना दोन मिनिटे काढायची तर तिथे आणखी एक माणूस द्यावा लागेल. तो देण्याची तरतूद जिल्हा पातळीवर करता येईल, आणि ती करून घेण्यासाठी आम्ही बालरोगतज्ज्ञांनीच पाठपुरावा करायला हवा.